अक्षरं पुसली तरी नाणं वाचता येतं: उत्तरकालीन रोमन ब्राँझची नाणी कशी ओळखायची आणि कशी नोंदवायची

रोमन नाणं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सोन्याचं, चकचकीत, सम्राटाचा धारदार चेहरा असलेलं काहीतरी येतं. चौथ्या शतकातलं रोमन साम्राज्य मात्र रोजच्या बाजारात वेगळ्याच गोष्टीवर चालायचं. करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी, हिरवट-काळी पडलेली ब्राँझची चकती. वजन दोन ग्रॅम, कधी एक. अशी नाणी इंग्लंडपासून सीरियापर्यंत लाखांनी सापडतात, संग्रहालयांच्या तळघरांत ट्रे भरभरून पडलेली असतात, आणि त्यांतली बरीच अजून "तांब्याचं नाणं, अस्पष्ट" एवढ्याच नोंदीवर आहेत.

माझा पीएचडीचा विषय जुन्या ताम्र-मिश्रधातूंचा गंज हा आहे. म्हणजे मूळची मी रसायनशास्त्राची. पण गंजाचा अभ्यास करायचा तर आधी नाणं कोणतं हे माहीत हवं, म्हणून ही विद्या शिकावी लागली. आज तुम्हाला तीच सांगणार आहे, कारण तिच्यामागे एक साधी पण गंभीर गोष्ट आहे: ही नाणी मरतात. हवेतल्या दमटपणानं ब्राँझ आतून पोखरलं जातं आणि आज दिसणारं अक्षर वीस वर्षांनी दिसेलच असं नाही. मग उरते ती फक्त तुम्ही लिहिलेली नोंद. त्या नोंदीत "दिसलं" आणि "वाटलं" यांची सरमिसळ झाली असेल, तर ती पुढे कोणालाच वेगळी करता येत नाही. आणि उत्खननात त्याच नाण्यावरून भिंतीचं, चुलीचं, अख्ख्या थराचं वय ठरत असतं.

थराचं वय ठरवण्याचा नियम सोपा आहे. एखाद्या न विस्कटलेल्या थरात इ.स. 348 नंतरचं नाणं असेल, तर तो थर 348 च्या आधीचा असू शकत नाही. नंतरचा मात्र कितीही असू शकतो, कारण नाणी पन्नास-पन्नास वर्षं फिरत राहतात. म्हणजे नाणं फक्त "याच्या आधी नाही" एवढंच सांगतं. त्यामुळे ते नाणं 335 चं की 348 चं हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

आधी पट्टी आणि काटा

नाणं हातात आलं की सगळे जण चेहऱ्याकडे बघतात. तसं करू नका. आधी मोजा.

इ.स. 294 च्या सुमारास डायोक्लेशियन या सम्राटानं चलन सुधारलं आणि एक मोठं ब्राँझचं नाणं आणलं: वजन सुमारे 10 ग्रॅम, व्यास रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याएवढा, आत थोडी चांदी आणि वरून चांदीचा पातळ मुलामा. संग्राहक त्याला फॉलिस म्हणतात, अभ्यासक नुम्मुस म्हणणं पसंत करतात. त्यानंतर जे झालं ते आपल्याला महागाईच्या अनुभवावरून सहज कळेल. पुढच्या चाळीस वर्षांत हे नाणं आटतच गेलं. 318 च्या आसपास ते 3 ग्रॅमवर आलं, 330 मध्ये अडीचवर आणि 336 च्या सुमारास पावणेदोनवर. नाव तेच, दिखावा तोच, माल कमी. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतली बिस्किटं कमी करतात ना, तसंच.

याचा आपल्याला फायदा असा की वजन आणि व्यास हेच एक ढोबळ कॅलेंडर होतं. नाणं पार झिजलेलं असेल, तरी आठ ग्रॅमचं जाडजूड नाणं आणि सव्वा ग्रॅमची टिकली एका काळातली नाहीत हे काटाच सांगतो. झिजेमुळे वजन घटतं, गंजामुळे कधी वाढतंही, त्यामुळे एका नाण्यावर फार विसंबू नये. पण पन्नास नाणी मोजली की चित्र स्पष्ट होतं.

चौथ्या शतकातल्या बऱ्याच नाण्यांची खरी नावं आपल्याला ठाऊक नाहीत. म्हणून अभ्यासक सरळ आकारावरून वर्ग करतात: एई 1 म्हणजे 25 मिलिमीटरच्या वर, एई 2 म्हणजे 21 ते 25, एई 3 म्हणजे 17 ते 21, आणि एई 4 म्हणजे 17 च्या खाली. "एई" हे तांबं-ब्राँझ यासाठीच्या लॅटिन शब्दाचं लघुरूप. रुक्ष आहे, पण प्रामाणिक आहे.

व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, वजनाला ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा सोनाराचा काटा. तिसरं माप म्हणजे ठशांची दिशा. पुढची बाजू सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं नाणं उलटा. मागचं चित्र सरळ दिसलं तर 12, उलटं दिसलं तर 6, तिरकं असेल तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे आकडा लिहा. हे माप घ्यायला पाच सेकंद लागतात आणि नव्वद टक्के लोक ते घेत नाहीत, असं मला जुन्या नोंदवह्या चाळून वाटायला लागलं आहे.

मग मागची बाजू

छापा-काटा खेळताना आपण छाप्याला मान देतो. इथे उलट करायचं. चौथ्या शतकात सम्राटाचं चित्र हे व्यक्तिचित्र राहिलेलंच नव्हतं. मोठे डोळे, सरळ नाक, गुळगुळीत गाल, सगळे सम्राट एकाच साच्यातले. ज्युलियनची दाढी सोडली तर चेहऱ्यावरून नाव ठरवायच्या भानगडीत पडू नये. मागची चित्रं मात्र ठरावीक वर्षं चालायची आणि मग साम्राज्यभर बदलायची. ती लक्षात ठेवली की अर्धं काम झालं.

काही चित्रं तर लहान मूलही ओळखेल. लांडगीण आणि तिच्या पोटाखाली दोन बाळं: हे 330 मध्ये सुरू झालेलं, रोम शहराच्या नावानं काढलेलं नाणं. पुढे सम्राट नाहीच, शिरस्त्राण घातलेली रोम नगरी आहे. याचं जोडनाणं नव्या राजधानीचं, कॉन्स्टंटिनोपलचं: जहाजाच्या नाळेवर उभी पंखवाली विजयदेवता. त्याच काळात सुरू झालेलं तिसरं नाणं म्हणजे दोन सैनिक समोरासमोर उभे आणि त्यांच्या मध्ये लष्करी निशाणं. भोवती लेख "ग्लोरिया एक्सर्किटुस", म्हणजे सैन्याचा गौरव. इथे एक मजा आहे. 330 ते साधारण 335 पर्यंत सैनिकांच्या मध्ये दोन निशाणं असतात. मग नाणं आणखी आटलं, जागा उरली नाही, आणि 335 ते 341 मध्ये एकच निशाण राहिलं. म्हणजे लेखातलं एकही अक्षर न वाचता, फक्त मधल्या काठ्या मोजून तुम्ही पाच-सहा वर्षांच्या आत येता!

341 ते 348 मध्ये सैनिक जातात आणि त्यांच्या जागी दोन विजयदेवता येतात, हातात हार घेऊन समोरासमोर. झिजलेल्या नाण्यावर सैनिक आणि देवता यांचा घोळ हमखास होतो, कारण दोन्हीकडे दिसतात ते दोन उभे ठोंबे. अशा वेळी बाहेरच्या कडा बघा. सैनिकाच्या बाहेरच्या हातात भाला असतो, म्हणून कडेला एक उभी सरळ रेघ मिळते. देवतेच्या पाठीमागून पंख खाली उतरतो, म्हणून तिथे तिरकी रेघ. टॉर्च नाण्याच्या अगदी बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये न दिसणारी रेघ सावलीत उभी राहते. फोटोही असेच दोन-तीन बाजूंनी उजेड देऊन काढावेत.

348 च्या सुमारास पुन्हा मोठी सुधारणा झाली आणि "फेल टेम्प रेपारातिओ" हा लेख आला, म्हणजे सुखाचे दिवस परतल्याची घोषणा. (अच्छे दिनांची जाहिरात फार जुनी आहे.) या लेखाबरोबर चार-पाच वेगवेगळी चित्रं येतात: जहाजावर उभा सम्राट, झोपडीतून एका लहानखुऱ्या माणसाला बाहेर आणणारा सैनिक, गोलावर बसलेला फिनिक्स पक्षी. पण सगळ्यात जास्त सापडतं ते घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाला मारणाऱ्या सैनिकाचं. आधी ते चांगलं मोठं होतं, 353 नंतर तेच चित्र एई 3 च्या छोट्या चकतीवर कोंबलं गेलं. पुढे ब्रिटन आणि गॉलमध्ये लोकांनी याच नाण्याच्या नकला पाडल्या, काही तर मसूरडाळीएवढ्या.

364 ते 378 या व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या भावांच्या काळात दोन चित्रं राज्य करतात: कैद्याला केसांनी ओढत नेणारा सम्राट, आणि हार घेऊन डावीकडे चालणारी एकटी विजयदेवता. 388 नंतर मिळते एई 4 ची टिकली: विजयदेवता खांद्यावर विजयचिन्ह घेऊन कैद्याला ओढते आहे, लेख "सालुस रेइपुब्लिके". ब्रिटनमध्ये साधारण 402 नंतर नव्या ब्राँझ नाण्यांचा पुरवठाच थांबला, त्यामुळे तिथल्या बहुतेक उत्खननात हे शेवटचं नाणं असतं.

"कॉन्स्टन"चा गोंधळ

आता पुढची बाजू. भोवतीच्या लेखात यू ऐवजी व्ही असतो आणि शब्द तोडलेले असतात. "डी एन" म्हणजे आमचे स्वामी, "पी एफ" म्हणजे धर्मनिष्ठ आणि भाग्यवान, "ए व्ही जी" म्हणजे ऑगुस्तुस, थोरला सम्राट. "एन ओ बी सी" असेल तर तो सीझर, म्हणजे युवराज किंवा धाकटा सम्राट. अनेकवचन करायला शेवटचं अक्षर पुन्हा लिहायचं: "ए व्ही जी जी" म्हणजे दोन सम्राट, तीन "जी" म्हणजे तीन. लेखातले जी मोजूनही कधी कधी काळ कळतो.

खरी पंचाईत नावांची. कॉन्स्टंटाइन या सम्राटाला मुलांची नावं ठेवताना दुसरं काही सुचलंच नाही बहुधा. कॉन्स्टंटिनुस, कॉन्स्टंटियुस, कॉन्स्टन्स अशी तीन मुलं, आणि बाप स्वतः कॉन्स्टंटिनुस. या सगळ्यांच्या नावाची पहिली सात अक्षरं एकच आहेत. वर, 351 ते 354 मध्ये सीझर असलेला गाल्लुस नाण्यावर कॉन्स्टंटियुस म्हणूनच येतो. म्हणजे झिजलेल्या नाण्यावर "कॉन्स्टन" एवढंच दिसलं तर पाच उमेदवार उभे. आपल्याकडे पेशव्यांच्या कागदात नुसतं "बाजीराव" सापडावं, तसं. फक्त इथे दोनाऐवजी पाच.

मग काय करायचं? नावाच्या पुढे-मागे बघा. "मॅक्स" दिसलं तर बाप. नावानंतर "आय व्ही एन" दिसलं, म्हणजे "धाकटा", तर थोरला मुलगा कॉन्स्टंटिनुस. डोक्यावर काय आहे ते बघा: लॉरेलच्या पानांचा मुकुट की मोत्यांची पट्टी? पट्टीची टोकं मानेमागे लोंबताना दिसतात. आणि यांतलं काहीच दिसलं नाही, तर "कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातला" असं लिहून थांबा. ही हार नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड रीस या अभ्यासकानं रोमन नाण्यांसाठी 21 कालखंड पाडले, ते वेगवेगळ्या ठिकाणी सापडलेली नाणी एकमेकांशी ताडून बघता यावीत म्हणून. त्यात 330 ते 348 हा अख्खा एकच खंड आहे. तुमचं बिनसम्राटाचं, दोन सैनिकवालं नाणं त्या मोजणीत पूर्ण नाणं म्हणून धरलं जातं.

रेघेखालची तीन-चार अक्षरं

मागच्या चित्रातले सैनिक ज्या जमिनीवर उभे असतात, ती एक आडवी रेघ. तिच्या खालच्या जागेला एक्झर्ग म्हणतात. तिथे टांकसाळीची खूण असते, आणि माझ्या मते अख्ख्या नाण्यावरची सगळ्यात बोलकी जागा हीच. दुर्दैवानं सगळ्यात आधी झिजणारी किंवा चकतीबाहेर जाणारीही हीच.

चकतीबाहेर म्हणजे काय, हे ज्यांनी शिवराई हाताळली आहे त्यांना सांगायला नको. "श्री राजा शिव" हा पूर्ण लेख एका शिवराईवर नीट मिळणं म्हणजे नशीब. एकीवर "श्री" कापलेला, दुसरीवर "शिव" अर्धा. कारण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. रोमन एई 4 चं तेच. आणि शिवराईची दुसरी आठवणही इथे कामाची आहे: शिवाजी महाराजांचं नाव असलेल्या शिवराया त्यांच्यानंतरही पार एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडल्या गेल्या. नाण्यावरचं नाव आणि नाण्याचा काळ एकच असतो असं नाही.

टांकसाळींकडे परत येऊ. "एस एम" म्हणजे पवित्र चलन. त्याच्यापुढे गावाची अक्षरं: "ए एन" म्हणजे अँटिओक, "एन" म्हणजे निकोमीडिया, "के" म्हणजे सिझिकस, "ए एल" म्हणजे अलेक्झांड्रिया, "टी एस" म्हणजे थेस्सलोनिका. शेवटचं अक्षर टांकसाळीतल्या खात्याचं. पूर्वेकडे ते ग्रीक आकड्यांत असतं, अल्फा म्हणजे पहिलं खातं, बीटा दुसरं. पश्चिमेकडे बऱ्याचदा लॅटिन: पी पहिलं, एस दुसरं, टी तिसरं. ट्रियरची खूण "टी आर पी", "टी आर एस" अशी. हे कशासाठी? माल कमी भरला तर कोणत्या खात्याला जाब विचारायचा हे कळावं म्हणून. आपल्या रुपयाच्या नाण्यावर वर्षाखाली मुंबईसाठी चौकोनी ठिपका असतो, त्याच जातीची ही गोष्ट.

एक सापळा सांगून ठेवते. "सी ओ एन एस" म्हणजे कॉन्स्टंटिनोपल, पण "सी ओ एन एस टी" म्हणजे बहुतेक वेळा फ्रान्समधलं आर्ल! 328 मध्ये आर्लचं नाव बदलून कॉन्स्टंटिना केलं गेलं, 340 मध्ये पुन्हा जुनं झालं, 353 मध्ये परत कॉन्स्टंटिना. खात्याचं अक्षर आधी असेल (पी, मग "कॉन्स्ट") तर आर्ल. नंतर असेल ("कॉन्स", मग ग्रीक अक्षर) तर राजधानी. एका टी मुळे नाणं सुमारे दोन हजार किलोमीटर सरकतं.

नोंद कशी दिसते

समजा, ट्रेमधलं एक नाणं घेतलं. मी त्याची नोंद अशी लिहीन:

ताम्र-मिश्रधातू. व्यास 15.2 मिमी, वजन 1.42 ग्रॅम, ठशांची दिशा 12. पुढची बाजू: [...]कॉन्स्टन[...], उजवीकडे पाहणारा अर्धपुतळा, डोक्यावर पट्टी, प्रकार अस्पष्ट. मागची बाजू: [...]एक्सर्[...]; समोरासमोर दोन सैनिक, मध्ये एक निशाण. रेघेखाली: एस एम [.] एन [.]. झीज मध्यम, गंज जास्त, खालची कड तुटलेली.

इथे नोंद संपली. आता नवा परिच्छेद, आणि त्यात अर्थ: एकच निशाण, म्हणून साधारण 335 ते 341. नाव अपूर्ण, म्हणून कॉन्स्टंटाइनचं घराणं. खुणेत एम आणि एन यांच्यामध्ये एका अक्षराची जागा आहे. निकोमीडिया असती तर एन लगेच आला असता. म्हणून बहुधा अँटिओक.

चौकटी कंसात काय आहे ते बघा: जे दिसलं नाही ते. हे ठिपके कंटाळवाणे वाटतात, पण तुमची नोंद वाचणाऱ्याला त्यामुळेच कळतं की "अँटिओक" हे डोळ्यांनी वाचलं नाही, जागेवरून काढलं. मी "अँटिओकचं नाणं, कॉन्स्टंटियुस दुसरा, 337-341" असं एका ओळीत ठोकून दिलं असतं, तर त्यातलं किती खरं आणि किती माझं, हे दहा वर्षांनी मलाही सांगता आलं नसतं.

यानंतर येतो ग्रंथक्रमांक. "रोमन इम्पीरियल कॉइनेज" ही दहा खंडांची मालिका या क्षेत्राचा पंचांग आहे म्हणा. 313 ते 337 चा सातवा खंड पॅट्रिक ब्रून यांचा (1966), 337 ते 364 चा आठवा जे. पी. सी. केंट यांचा (1981). सहा ते नऊ हे खंड टांकसाळीनुसार लावलेले आहेत, म्हणून टांकसाळ कळली नाही तर नेमका क्रमांक देताच येत नाही. 1960 साली कार्सन, हिल आणि केंट यांनी फक्त उत्तरकालीन ब्राँझसाठी एक आटोपशीर सूची काढली, ती उत्खनन करणारे अजूनही वापरतात. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा "ऑक्रे" हा ऑनलाइन कोश मोफत आहे. त्यात "अँटिओक" आणि "दोन सैनिक" असं निवडून फोटो ताडून बघता येतात. पण आधी स्वतःची नोंद लिहा, मगच तो उघडा. आधी फोटो बघितला की डोळ्यांना तीच अक्षरं दिसायला लागतात.

थोडं माझ्या विषयाचं

लोकांना वाटतं, एक्सरे फ्लुरोसन्सचं यंत्र आहे ना, लावा नाण्याला आणि विचारा कुठलं आहे. यंत्र उत्तर देतं, पण ते वरच्या थराचं. मातीत शतकानुशतकं पडलेल्या ब्राँझच्या पृष्ठभागावरून तांबं निघून गेलेलं असतं आणि कथील, शिसं मागे साचलेलं असतं. शिसं तर तांब्यात विरघळतच नाही, धातूत त्याचे वेगळे थेंब राहतात, त्यामुळे सुईएवढं सरकलं की आकडा बदलतो. चौथ्या शतकातल्या या नाण्यांत शिसं भरपूर असू शकतं. ते स्वस्त आणि वितळायला सोपं. गंजावर घेतलेला आकडा "नाण्याचा धातू" म्हणून छापू नये, एवढंच सांगते.

आणि एक कळकळीची विनंती. जुनं नाणं मिळालं की आपल्याकडे हात पहिल्यांदा चिंचेकडे, लिंबाकडे किंवा पितांबरीकडे जातो. देवाच्या तांब्याला ते ठीक आहे. नाण्यावर अक्षरं बऱ्याचदा मूळ धातूत उरलेलीच नसतात, ती गंजाच्या थरात जपलेली असतात. आम्लानं तो थर गेला की नाणं लाल, चकचकीत आणि मुकं होतं. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर तो "ब्राँझचा रोग": आत अडकलेलं क्लोराइड दमट हवेत पुन्हा पुन्हा तांबं खातं. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात उघड्या डबीत ठेवलेलं नाणं एका मोसमात बिघडू शकतं. हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली, आणि रोगी नाणं बाकीच्यांपासून वेगळं. साफसफाई संवर्धकाकडे सोडा.

जमिनीत नाणी सापडली, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते टाळून विकलेलं नाणं आपली जागा गमावतं, आणि जागा गेली की वर सांगितलेला थराचा नियम लावायला काही उरतच नाही.

करूरच्या वाळूत

ही नाणी भारतातही आहेत, पण आपल्या बाजूला फारशी नाहीत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची मूर्ती किंवा तेरचे अवशेष हे त्याआधीच्या व्यापाराचे. चौथ्या-पाचव्या शतकातलं रोमन ब्राँझ मुख्यतः तमिळनाडूत आणि श्रीलंकेत मिळतं. करूरला अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुराईला इतकी मिळाली की आर. कृष्णमूर्ती यांनी 1994 मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. वैगईच्या मुखाजवळच्या अळगनकुळममध्ये अशी नाणी उत्खननात मिळाली, ते फार मोलाचं. नदीच्या वाळूतल्या नाण्याला थर नसतो, त्याची सगळी साक्ष त्याच्या अंगावरच.

श्रीलंकेत याच नाण्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. त्या हातात आल्या की वर सांगितलेलं सगळं ज्ञान जरा आवरतं घ्यावं लागतं. लेखाच्या जागी उभ्या रेघा असतात, कारण पाडणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं आणि त्याच्या गिऱ्हाइकालाही नाही. सम्राटाचं डोकं म्हणजे एक टेंगूळ आणि दोन ठिपके. अशा रेघांत ओढूनताणून "थिओडोसियुस" वाचायचा मोह होतो, आणि जुन्या याद्यांत तो मोह बऱ्याचदा जिंकलेला दिसतो. पण नक्कल ही रोमन नाण्याची बिघडलेली प्रत नव्हे. रोमहून पुरवठा पुरेना तेव्हा तिथल्या बाजारानं स्वतःची सुटी नाणी तयार केली, याचा तो पुरावा आहे. तिच्यावर सम्राटाचं नाव चिकटवलं की हा पुरावाच पुसला जातो. त्यामुळे अशा नाण्याच्या नोंदीत "सम्राट" या रकान्यात मी आडवी रेघ मारते आणि "लेख" या रकान्यात लिहिते: उभ्या रेघा, अकरा, डावीकडे कललेल्या.